एका चमच्यातले दोन अवतार

नेरूळच्या घरी त्या सकाळी पाणी भरून झालं आणि मी चिंचेने देवाची चांदी घासायला बसले. आज सुनेने त्यातलाच पसरट विलायती चमचा कपाटातून काढला, म्हणून नव्वदच्या दशकातली ती सकाळ आठवली.

चमचा ह्यांनी चोरबाजारातून आणला होता. जाळीदार नक्षी, मधोमध कोरलेला मासा, मागे एवढासा सिंहाचा छाप. मत्स्य आणि नृसिंह, म्हणून मी तो थेट देवघरात ठेवला. दरवर्षी सत्यनारायणाला सोसायटीभर त्यानेच शिरा वाढला. हे प्रसाद घेताना हसायचे. मला वाटायचं, भक्तिभाव.

हे गेल्यापासून मी मासे घेत नव्हते, तरी जवळच्या सारसोळे गावची मासेवाली दारात पाणी प्यायला टेकायची. त्या सकाळी चमचा बघून म्हणाली, "वयनी, यो त मासली वाढाचा चमचा हाय. सायबाच्या बंगल्यावं कामाला व्हते तवा मी असल्यानंच पापलेट वाढायची."

"हळू बोल गं, शेजारी जोशीकाकू आहेत."

"त्यांनी परसाद खाल्ला ना? मंग?"

म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक होतं. तुमच्याही घरी कुणी असं गुपचूप हसून गेलंय का?

दुसऱ्या दिवशी मी एक पापलेट घेतलं, तळलं आणि त्याच चमच्याने वाढून घेतलं.