मोज्याची वाकडी टाच

मुलांनो, तुमची धाकटी आजी गेली हे तुम्हाला फोनवर कळलं. कशी गेली, ते मी तेव्हा सांगितलं नाही. त्या सकाळी तिचे मोजे आणायला गेले तर ते दोरीवर नव्हते. खोलीत शालन पलंगावर कलंडलेली. उजव्या पायात मोजा, त्याची टाच फिरून घोट्यावर आलेली. दुसरा मोजा हातात. पाऊल गार होतं...

शालन माझी धाकटी जाऊ. कडेगावात तिनं नवऱ्याबरोबर, म्हणजे माझ्या दिरांबरोबर, पिठाची गिरणी चालवली, दिवसदिवस उभी राहून. पायांच्या शिरा फुगल्या, रक्त नीट वर चढेना, आणि शेवटी घोट्याजवळ जखम झाली ती मिटेना. दीर गेल्यावर मी तिला साताऱ्याला घेऊन आले. पाय तोडावा लागेल, असं कुणीतरी तिच्या मनात भरवलं होतं. डॉक्टरांनी पावलांतले नाडीचे ठोके तपासले, तोडायची गरज नाही म्हणाले, बरेच आठवडे पट्ट्या बांधल्या, आणि भरलेली जखम पुन्हा उघडू नये म्हणून हलक्या दाबाचे मोजे दिले; जास्त घट्ट तिला सोसले नव्हते. सकाळी पाय खाली सोडण्याआधी घालायचे, सुरकुती राहू द्यायची नाही.

"हलक्या दाबाचं म्हणं!" ती कण्हायची. "उसाच्या चरकात पाय घातल्यागत वाटतंय."

खरी अडचण वेगळीच होती. तिची कंबर वाकत नसे, म्हणून मोजे मी चढवायचे. आणि थोरल्या जावेनं आपल्या पायाला हात लावावा, हे तिला सोसेना.

"आवं आक्का, लय पाप चढतंय माझ्यावर. कुठं फेडू?"

"जखमेपेक्षा पाप परवडलं," मी म्हणायचे.

"तुमी विंग्रजी शिकलाय, तुमाला लागत न्हाई. मला लागतंय."

मोजे चढले की ती पलंगाचा कठडा धरून उभी राहायची आणि माझ्या पाया पडायला वाकायची. हात जेमतेम गुडघ्यापर्यंत यायचा, चेहरा कळेनं पिळवटायचा. तिला वाकावं लागू नये म्हणून मी पलंगाच्या कडेला बसल्याबसल्या पाय खाली ओढून घ्यायचे. ती चिडायची, "एवढं तरी घ्या की!"

ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी म्हणाली, "उद्यापास्नं माझं मी घालीन."

"आधी हात तर पोचू दे," मी हसले.

हृदय थांबलं, मोज्यांचा काही संबंध नाही, असं डॉक्टर सांगतात. मी ते मानते. तरीही गुडघ्याखाली न जाणारा तो हात स्वतःच्या पावलापर्यंत पोचला कसा, हा विचार सुटत नाही.

सांगलीहून तिची लेक येईपर्यंत मी ती टाच सरळ केली, एकेक सुरकुती काढली. या वेळी कुणी नको म्हणालं नाही.

मोजे धुऊन, सावलीत वाळवून मी कपाटात ठेवले आहेत. सकाळी मात्र सवयीनं तिच्या पलंगाच्या कडेला जाऊन बसते... आणि जरा वेळानं माझे पाय आपोआप पलंगाखाली ओढले जातात.