जुन्या इंजिनाचा मळ

रॉकेलचा वास आला की घाटकोपरचं आमचं भंगाराचं दुकान आठवतं. त्याच्याच मागे आम्ही राहायचो. भाकरीलासुद्धा ग्रीसचा वास यायचा. मी इंजिनिअर झाले त्याच वर्षी एक आजोबा जुन्या मोटारीचा ऑइल पंप शोधत आले. नातीची वरात त्याच मोटारीतून काढायची होती. बाबांनी मळाने माखलेला एक गोळा पुढे केला. शेजारचे मेकॅनिक काका म्हणाले, "हा पाण्याचा पंप आहे." बाबा माझ्याकडे वळले, "तू शिकलीस ना, सांग!" "अहो बाबा, आधी धुवू तर द्या!" "वेडी का गं? मळ गेला की गिऱ्हाईकाला माल नकली वाटतो." बाबा आणि काकांचं भांडण संपेना, आजोबा कंटाळून निघाले. वैतागून मी तो गोळा रॉकेलमध्ये बुडवला, घासला, झाकण खोललं. पाण्याच्या पंपात पंखा असतो; इथे आत एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चाकं होती. ऑइल पंपच! मी धावत जाऊन आजोबांना गाठलं. वरात त्याच मोटारीतून निघाली. आता दुकान मी चालवते आणि प्रत्येक पार्ट आधी धुते. बाबा अजून कुरकुरतात.