दातारबाईंची निळी वही

दातारबाईंना इंग्रजीतला 'अप' हा शब्द मुळीच खपत नसे. "अप हा आळशी माणसाचा शब्द," त्या वर्गात म्हणायच्या. डोंबिवलीच्या मराठी शाळेत त्यांनी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यांच्या निळ्या वहीत 'वर' या एका अर्थाला अकरा इंग्रजी शब्द होते. असेंड, माउंट, अलॉफ्ट, अपवर्ड, स्कायवर्ड... आम्ही ते पाढ्यांसारखे घोकले. अजूनही झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन.

बाईंचं इंग्रजी सगळं पुस्तकातून आलेलं. इंग्रजीत भांडणारा, भाजी घेणारा, पत्ता विचारणारा माणूस त्यांना आयुष्यात भेटलाच नव्हता. यात त्यांचा दोष नाही. दोष आम्हा विद्यार्थ्यांचा, आणि सगळ्यांत जास्त माझा, कारण मी त्यांच्या शेजारच्याच ब्लॉकमध्ये राहतो.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, ठाण्याच्या ऑफिसात, लिफ्टपाशी साहेबांनी मला विचारलं, "गोइंग अप?" मी ताठ उभा राहून म्हणालो, "येस सर, आय अ‍ॅम असेंडिंग." पुढची दोन वर्षं मला तिथे कुणी सलिल म्हणून हाक मारली नाही. आमच्या बॅचच्या गेट-टुगेदरला असे किस्से प्रत्येकाकडे निघाले. आसावरीने तर पाहुण्यांना जिना दाखवताना 'स्कायवर्ड' म्हटलं होतं. पोट धरधरून हसलो आम्ही. आणि गुरुपौर्णिमेला बाईंकडे जाऊन, पाया पडून म्हणालो, "बाई, आज जे काही आहोत ते तुमच्यामुळे." गुरूची चूक काढायची नाही, हे आमचे संस्कार. खरं म्हणजे भित्रेपणाला दिलेलं गोंडस नाव.

शीला दिवा स्टेशनजवळच्या चाळवस्तीतून, दिव्याहून, लोकलने बाईंकडे पोळ्या करायला येते, त्याला सहा वर्षं झाली. बारावी झालेली, चटपटीत बाई. नवरा, दौलत, कंपनी बंद पडल्यापासून घरीच. ठाण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात हेल्प डेस्कवर बायका घेणार होते. पेशंटला कुठे जायचं ते मराठी, हिंदी आणि इंग्रजीत सांगायचं, एवढंच काम. ते मिळालं तर चार घरच्या पोळ्या सुटणार होत्या. शीलाने बाईंना विचारलं, "शिकवाल का?" आणि बाईंनी कपाटातून निळी वही काढली.

दोन महिने मला स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून ऐकू यायचं. पोळ्या लाटता लाटता शीला म्हणायची, "असेंड, माउंट, अलॉफ्ट..." आणि बाई म्हणायच्या, "स्पष्ट! तोंड उघड!" पहिल्या दिवशी मला हसू आलं. नंतर मी माझ्याकडचा टीव्ही मोठा करायला लागलो. मुलाखतीच्या आदल्या दिवशी, आज सांगायचंच, असं ठरवून मी बाईंकडे गेलो. "बस रे," त्या म्हणाल्या, "शीलाचं अगदी चोख झालंय बघ." इतक्या वर्षांत त्यांना एवढं खुशीत पाहिलं नव्हतं. मी रव्याचा लाडू खाल्ला, छान झालाय म्हणालो आणि परत आलो.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शीला पेढे घेऊन आली. बाईंनी मलाही हाक मारली.

"एकपण शब्द चुकले नाही, बाई!" शीलाला दम निघत नव्हता. "सायबांनी विचारलं, एक्स-रे तिसऱ्या मजल्यावर आहे, पेशंटला कसं सांगशील? मी लगेच बोलले, प्लीज असेंड टू द थर्ड फ्लोअर. द एक्स-रे इज सिच्युएटेड अलॉफ्ट. सगळे एवढे खूष झाले ना, हसायलाच लागले. परत बोलायला लावलं मला. एका मॅडमनी तर मोबाइलवर रेकॉर्डपण केलं! फोन करतो बोलले, म्हणजे झालंच ना!"

पेढ्याकडे गेलेला बाईंचा हात थांबला. "हसले?"

"हो ना. दोनदा."

बाई आता माझ्याकडे बघत होत्या. "सलिल, ऑफिसात तुम्ही लोक असेंड म्हणता ना रे?"

"नाही, बाई," मी म्हणालो. "सगळे अपच म्हणतात."

"तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या आठवड्यापासून. बावीस वर्षं झाली."

मला वाटलं, रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त खुर्चीचा हात घट्ट धरला. "बावीस वर्षं," त्या म्हणाल्या, "आणि दर गुरुपौर्णिमेला तू माझ्या पाया पडायला येतोस." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग त्या शीलाकडे वळल्या. "शीला, त्यांचा फोन काही येणार नाही. तू चुकली नाहीस गं. मी तुला चुकीचं शिकवलं."

शीलाला आधी कळलंच नाही. बाई थट्टा करताहेत असं वाटून ती माझ्याकडे बघून हसली. मी मान खाली घातली, तेव्हा तिचं हसू गेलं. पेढ्यांच्या बॉक्सचं झाकण तिने लावलं, आणि बॉक्स हातात धरून ती नुसतीच उभी राहिली.

"पण बाई," ती म्हणाली, "काल रात्री दिव्याला मी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटलेत."