भाच्याचं नाव आणि माझी क्रांती

माझ्या भाच्याला त्याच्या सख्ख्या आईनं पाळण्यातल्या नावानं आजवर एकदाही हाक मारलेली नाही. याचं सगळं श्रेय माझं!

तेव्हा निजामाविरुद्ध पत्रकं वाटता वाटता माझी खात्री झाली होती, की त्याच्याही आधी रूढी हाकलल्या पाहिजेत. त्यातच अक्काला मुलगा झाला. तिची आधीची लेकरं हाती लागली नव्हती. म्हणून तिनं ठरवलं, पोराला उकिरड्यावर लोळवायचं आणि नाव ठेवायचं उकंडा. यमानंही म्हणावं, हा केर कशाला न्या!

"उकंडा? हे काय माणसाचं नाव झालं?" मी गरजलो. "नावात तेज पाहिजे! प्रताप ठेवू!"

अक्काचा चेहराच उतरला. "ते नको रं बाबा. दुसरं कोणतं बी ठेव."

"काहून?"

"सांगता येत न्हाई."

"सांगता येत नाही, हीच तर गुलामी!" (मी टाळ्यांसाठी थांबलो. पाळणा तेवढा करकरला.)

अक्का पदर डोक्यावर ओढून बाहेरच्या लिंबाकडे बोट दाखवत राहिली. बाई घाबरली, असं मी समजलो.

बारसं त्याच संध्याकाळी. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तिनं तोंड उघडलं. पण मी सभेत कुणाला मध्ये बोलू देत नसे! तिला सारून मीच पाळण्यात वाकलो आणि ओरडलो, "प्रताप! ए प्रताप!"

"ओ!" लिंबाखालून उत्तर आलं.

काठी टेकत दारात उभे राहिले ते हट्टा गावाहून बारशाला आलेले, सकाळपासून लिंबाखाली बसलेले अक्काचे सासरे! सारी पंचक्रोशी ज्यांना दाजीबा म्हणते, त्यांचं खरं नाव प्रताप, हे मला तेव्हा कळलं. आणि सून सासऱ्याचं नाव घेत नसते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक!

"काहून हाका मारून राहिला रं?"

मी पायच धरले. म्हातारा मात्र गहिवरला. "माय गेल्यापासून मला असं कोणी बलावलं न्हाई. हेच नाव राहू द्या!"

"अन् मी माझ्या लेकराला काय म्हणून बोलवू?" अक्का रडकुंडीला आली.

"उकंडा म्हणा की, वैनी!" आत्या म्हणाली. लगेच पोराला उकिरड्यावर लोळवून आणलं. आज सारं हट्टा त्याला उकंडाच म्हणतं.

"असल्या नावानं लेकरू जगतं, याला पुरावा काय?" मी शेवटचा वार केला.

अक्कानं मला खालून वर न्याहाळलं. "तुझ्याआधीचे दोघं गेले. मग तू कसा टिकून राहिला रं, धोंड्या?"

पत्रकांखाली मी 'जयसिंह' अशी सही करतो.