आबांचा चढता आकडा

माण गावात जे वाढतं ते चांगलंच, अशी जयसिंग आबांची श्रद्धा. जमिनीचा भाव वाढला, खोल्यांचं भाडं वाढलं, भातखाचरं होती तिथे मजले चढले. त्यामुळे कंपनीच्या फाटकापाशी तीन इंग्रजी अक्षरं आणि खाली लाल आकडा दाखवणारी पाटी लागली, तेव्हा आबांनी कुणाला काही विचारलंच नाही. गावाच्या प्रगतीचा आकडा, दुसरं काय! थंडीत तो तीनशेपार गेला की पारावर मिशीला पीळ देत सांगायचे, "शेजारची मारुंजी दोनशेवरच हाय. आपल्या पासंगाला बी पुरत न्हाई." भाडेकरू पोरं हसायची. त्यांना वाटायचं, आबा थट्टा करतायत.

आबा जुने पैलवान. सातवीतल्या नातीला, दिशाला, कुस्तीत राज्यापर्यंत न्यायचं हा त्यांचा ध्यास. ध्यास कसला, हट्टच! पहाटेची हवा म्हणजे अमृत, हे ते तालमीत शिकलेले. पोर पुढे पळणार, आबा मागून स्कूटरवर. पाटीला हात लावून परत फिरायचं. आकडा मोठा दिसला की आबांना चेव यायचा. "गाव बघ कुटं गेलंय, आन् तू मागं? हाण अजून एक फेरी!"

निवड चाचणी जवळ आली आणि दिशाला धाप लागू लागली. आबांनी निदान केलं, आळस. फेऱ्या वाढवल्या. परवा ती पाटीखालीच छाती धरून बसली. ओठ निळे पडलेले. मी शेजारी, आबांचा फोन आला तसा माझ्याच गाडीतून तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी मास्क लावून वाफ दिली आणि पोर कुठे पळते ते विचारलं. आबांनी पाटी सांगितली, वर कौतुकाने आकडाही सांगितला. बाईंनी खुर्ची आबांकडे वळवली.

"आजोबा, तो हवेतल्या घाणीचा आकडा आहे. जितका मोठा, तितकी हवा वाईट. आणि थंडीत पहाटे तर फारच."

आबांनी दिशाच्या पाठीवर हात ठेवला.

"आमी समदी बेरीजच केली," आबा पुटपुटले. "ह्ये वजा करायचं असतंय, कुनी बोललंच न्हाई."

दिशाने तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"आबा, म्हंजी मी जेवढी जोरात पळले, तेवढी घाण जास्त आत घेतली?"

तिच्या पाठीवरचा हात आबांनी हळूच काढून घेतला.