बिनखुर्चीचा मास्तर

मी फळ्यावर लिहीत होतो. शिपायानं मागून माझी खुर्ची उचलली आणि सगळ्या वर्गादेखत बाहेर नेली. पोरं फिदीफिदी हसली. मी वळलो, तर नुसतं टेबल.

लोणावळ्याच्या आमच्या हायस्कुलात तशी रीतच होती. ज्या मास्तराच्या विषयात मॅट्रिकला पोरं जास्त नापास, त्यानं वर्षभर उभ्यानं शिकवायचं. निकाल घसरला की मॅट्रिकची परीक्षा घेणारी युनिव्हर्सिटी शाळेची मान्यता काढणार, ही हेडमास्तरांना धास्ती. गणितात माझ्या इतिहासापेक्षा जास्त पोरं नापास झाली होती. पण गणिताचे मास्तर हेडमास्तरांच्या नात्यातले. त्यांची खुर्ची जागची हलली नाही. मी विचारायला गेलो. मान वर न करता हेडमास्तर म्हणाले,

"तुमच्या घरी खुर्ची आहे का? नाही ना? मग इथं काय अडतंय?"

नव्हतीच. कुरवंड्याच्या आमच्या घरात सगळे घोंगडीवर बसायचे. मी परत वर्गात आलो. असा संताप आला होता! आणि काढला कुणावर? पोरांवर.

आधी मी पोरांना भाज्याच्या लेण्यात न्यायचो. दगडाला हात लावून इतिहास शिकवायचो. ते बंद. परीक्षेला येतील तेवढीच उत्तरं सांगायची, पोरांनी घोकायची. कुणी "असं का?" विचारलं की मी खेकसायचो. कच्ची पोरं चाचणीतच पाडायची. मग त्यांचा मॅट्रिकचा फॉर्म जात नाही आणि निकाल झकास लागतो.

त्यात माझा भाचा होता, थोरल्या बहिणीचा. कुरवंड्याहून पायी यायचा. लय प्रश्न विचारायचा, पण घोकणं त्याला जमायचं नाही. काठावर पास होत होता. मी पाडला.

शाळेत तो मला सर म्हणायचा. चाचणीचा निकाल लागला त्या दिवशी फाटकाशी उभा होता.

"मामा, तुमीच पाडलं व्हय?"

"नियम आहे," मी म्हणालो.

थू माझ्या जिनगानीवर!

नव्या वर्षी खुर्ची परत आली. भाचा आला नाही. घाटात रेल्वेच्या गँगमध्ये लागला, रुळाखाली खडी ठोकायला. बहिणीनं मला जेवायला वाढलं आणि पाठ फिरवून चुलीपाशी बसली. त्या खुर्चीत बसलो की मला माझीच लाज वाटायची.

पुन्हा चाचणी आली. हेडमास्तरांनी बोलावून काही पोरांची नावं घेतली. सगळी वलवणची, भाज्याची, खेड्यातली. गणिताच्या मास्तरांचा मुलगा या पोरांहून कच्चा. त्याचं नाव नाही.

"एवढी थांबवा," म्हणाले.

"न्हाई."

शाळेत मी कधी घरची बोली बोललो नव्हतो. तोंडातून तीच आली. वर्गात गेलो, खुर्ची उचलली, शिपायाला हात लावू दिला नाही. नेऊन हेडमास्तरांच्या टेबलापुढं आदळली.

"ही हितं ठेवा. मी कुणाला पाडणार न्हाई."

भाच्यानं मला माफ केलेलं नाही. करूही नये. घाटात गँग दिसली की अजून माझी मान खाली जाते. पण वर्गात आता मी पोरांना "असं का?" विचारायला लावतो. नोकरीवरून काढायचं तर काढा, लेण्यात वर्ग भरवीन. उभं राहून पाय सुजतात. सुजू देत. कुणाच्या पोराला पाडून मिळालेल्या जागेवर मी बसणार न्हाई.