तीन दात्यांवरचा शेंदूर

घराण्यातला पहिला पदवीधर मी, तोही विज्ञानाचा. उतारा, अमावस्या, लिंबू-मिरची यांवरून मी आईशी कायम वाद घालायचो. या सदरात छापून येणारे भुताखेतांचे अनुभव नात मला वाचून दाखवते, तेव्हाही मी मध्येच कारणं सांगत बसतो. परवा ती वैतागली. "आजोबा, तुमच्याकडे सगळ्याचं उत्तर आहे. ज्याचं नाही असं एखादं सांगा ना!"

एक आहे... आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पन्नासच्या दशकाची अखेर. चिंचवड गावठाणाबाहेर, मुंबई रस्त्याला लागून उस्मानभाईंचं पत्र्याचं गॅरेज होतं. मागे विहीर, बाजूला बाभळी. माझे वडील दगडू, आमचे आबा, तिथे मिस्त्री. जामखेडकडून कामाच्या शोधात आलेले. लिहिता-वाचता येत नव्हतं. माझ्या शाळा-कॉलेजच्या प्रत्येक अर्जावर त्यांचा अंगठा आहे. तो अंगठाही इंजिनाच्या पट्ट्यात सापडून मधोमध चिरलेला. ठसा उठला की दोन अर्धे आणि मध्ये कोरी रेघ. कॉलेजातला कारकून तो कागद उजेडाला धरून बघायचा, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मला शिकवलं ते याच अंगठ्याने, हे तेव्हा सुचत नव्हतं.

माझी बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा चालू असतानाच आबा गेले. कावीळ झाली, आठ दिवसांत संपलं. निकाल त्यांना कळलाच नाही.

पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते. गावातल्या डॉक्टरांनी तिथल्या एका साहेबांना माझ्यासाठी चिठ्ठी देतो म्हणून सांगितलं होतं. तोवर मी उस्मानभाईंच्या हाताखाली काम करत होतो. "काय बी.एस्सी.साहेब," ते म्हणायचे, "तो पाना आहे, पेन नाही. जोर लाव!"

त्याच डॉक्टरांची गाडी कामाला आली. जुनी अमेरिकन मोटार, पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलेली. डिझेलचा जोर जास्त, तो मागच्या डिफरन्शियलला सोसला नाही. दोन मागच्या चाकांच्या मधला तो लोखंडी गोळा... इंजिनाची ताकद चाकांना वाटून देतो. चालताना रडल्यासारखा आवाज यायचा. उस्मानभाईंनी मुंबईच्या भंगारातून तसल्याच गाडीचं दुसरं डिफरन्शियल आणलं.

आत एक मोठं दातेरी चक्र असतं, क्राउन. त्याचे दाते लहान चक्राच्या दात्यांशी नेमके जुळवायचे असतात. त्यासाठी आबा तेलात शेंदूर कालवून चार-पाच दात्यांना लावायचे आणि चक्र हाताने फिरवायचे. जिथे दाता घासला तिथला शेंदूर पुसला जातो. खूण दात्याच्या मध्यावर उमटली तर ठीक. कडेला उमटली तर एक दिवस दाता तुटणार. हे जगभर करतात, पण आबांचा आणखी एक नियम होता. जुळलं तरी झाकण त्या दिवशी लावायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेंदूर लावून बघायचं.

"का, आबा?" मी एकदा विचारलं होतं.

"लोखंड हाय, बाबा. बसवल्यावर जरा हलतंच. मानसावानी."

मी इंग्रजी पुस्तक वाचलं होतं. त्यात असं काही नव्हतं.

तो शुक्रवार होता. उस्मानभाई दुपारी नमाजला गेले आणि तिथून खडकीला सामान आणायला जाणार होते. मी एकटाच. सकाळीच सगळं जुळवलं होतं, मागचं झाकण तेवढं बाकी. ब्रशने पाच दात्यांना शेंदूर लावला, चक्र फिरवलं. खुणा अगदी मधोमध. डबी बंद केली, विहिरीवर गेलो, साबणाने हात धुतले, भाकरी खाल्ली.

परत आलो तर क्राउनच्या दुसऱ्या बाजूचे तीन दाते लाल होते. मी तिथे शेंदूर लावलाच नव्हता. आणि तो ब्रशचाही नव्हता... अंगठ्याने ओढलेला होता. दोन अर्धे, मध्ये कोरी रेघ.

भीती वाटली नाही, हे खरं सांगतो. राग आला. कुणीतरी चेष्टा केली असणार. पण गावात तसा अंगठा दुसऱ्या कुणाचा होता? मी चक्र फिरवलं. त्या तिन्ही दात्यांवर खूण उमटली ती कडेला, अगदी टोकावर.

रॉकेलचा बोळा घेतला आणि सगळं पुसून टाकलं. त्याच तीन दात्यांना स्वतः ब्रशने शेंदूर लावला, पुन्हा फिरवलं. आता मधोमध. मग प्रश्न मिटला, असं मी ठरवलं.

तेवढ्यात डॉक्टर आले, सोबत सायकल हातात धरलेला एक माणूस. चाकणच्या पलीकडून आलेला, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"बहीण हाय, सायेब. कालपास्नं अडलीया. सुईनीनं हात टेकले."

डॉक्टर मला म्हणाले, "गाडी झाली का रे? नसेल तर तसं सांग. नाशिक रस्त्याला ट्रक मिळेल मला."

नियमाप्रमाणे मी नाही म्हणायला हवं होतं. पण डॉक्टरांचे माझ्यावर उपकार होते, आणि आबांशिवाय मी हे केलं हे त्यांना दाखवायचंही होतं.

"झालीय, डॉक्टर."

अर्ध्या तासात झाकण लावलं, तेल भरलं. त्या माणसाने जाताना माझ्या पायांना हात लावला. मी मागे सरलो, पण उशीर झाला होता.

उस्मानभाई परत आले आणि रिकाम्या जागेकडे बघत राहिले. "गाडी कुठाय?"

मी सांगितलं.

"आज बसवलं आणि आजच झाकण? अरे, तुझा बाप असं कधी..."

मोशीच्या पुढे, इंद्रायणी ओलांडून चढ लागतो. तिथे मोठा आवाज झाला आणि गाडी जागेवर बसली. मागून ट्रक येईपर्यंत तास गेला. डॉक्टर पोचले तेव्हा बाई गेली होती, आणि मूलही.

दुसऱ्या दिवशी दोन बैलजोड्यांनी गाडी ओढून आणली. झाकण मीच उघडलं. तेल काळं, त्यात लोखंडाचा चुरा. क्राउनचे सलग तीन दाते मुळापासून तुटलेले. आतलं सगळं काळंकुट्ट. फक्त त्या तीन खुंटांवर शेंदूर होता. लालभडक, ओला. मधल्या खुंटावर तो अंगठा.

इतके मैल गरम तेलात फिरल्यावर शेंदूर टिकत नाही. टिकूच शकत नाही. शिवाय तो मी पुसला होता. आणि लावणार कुठे? दाते तुटले ते मोशीच्या चढावर, आणि झाकण तिथून इथपर्यंत बंद होतं.

उस्मानभाई शेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी बोट पुढे नेलं, पण टेकवलं नाही. "दगडू," एवढंच म्हणाले. मग खांद्यावरचं फडकं काढून त्यावर टाकलं. "झाक, बेटा. कुणाला दाखवू नकोस."

डॉक्टरांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. भंगारातला माल, नशीब, असं म्हणाले, आणि आठवड्याने चिठ्ठीही दिली. त्या चिठ्ठीवर मला नोकरी लागली, घर झालं, मुलं शिकली. त्यांच्याविषयीची कृतज्ञता मी आयुष्यभर खाली मान घालून बाळगली. पान्याला पुन्हा हात लावला नाही.

कारणं शोधून झाली. उन्हाने डोळे दिपले असतील, शोक असेल, माझाच हात नकळत लागला असेल. पण उस्मानभाईंनीही पाहिलं, त्याचं काय? ते गेले त्यालाही आता खूप वर्षं झाली. मला अजून उत्तर मिळालेलं नाही.

लाल रंगाची मला भीती नाही वाटत. रॉकेलचा वास मात्र सहन होत नाही. आबांना आयुष्यात एकच सही येत होती, आणि ती त्यांनी प्रत्येक वेळी माझ्यासाठीच केली. शेवटची मी पुसून टाकली.